सोमवार सकाळची वाफ

तुमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, गाडी दुरुस्तीच्या गॅरेजात किंवा दाताच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत कॉम्प्रेसरला जोडलेली एक टाकी असते. आडवी नाहीतर उभी, गोल पोटाची. अमेरिकेत राहत असाल तर तिच्या अंगावरची धातूची छोटी पट्टी एकदा जवळ जाऊन वाचा. बनवणाऱ्याचं नाव, बनवल्याचं साल, टाकी जास्तीत जास्त किती दाब सोसेल तो आकडा, सोबत तापमानाचा आकडा, आणि एका कोपऱ्यात ठसा मारलेलं ‘यू’ हे इंग्रजी अक्षर. टाकी लहान असेल तर ‘यू एम’. बऱ्याचदा त्याखाली ‘एनबी’ आणि पुढे एक नंबर.

पॉडकास्टच्या या भागात त्या अक्षराचा विषय आम्ही दोन वाक्यांत उरकला. खरं तर ते अक्षर तिथे येण्याआधी शंभर वर्षं माणसं मरत होती, आणि ते आल्यानंतरही मरणं पूर्ण थांबलेलं नाही. दोन्ही गोष्टी का घडल्या, ते इथे जरा सविस्तर बघू.

सुरुवात आपल्या ओळखीच्या भांड्यापासून करू. घरून निघताना आईने बॅगेत कोंबलेला प्रेशर कुकर तुमच्यापैकी अनेकांकडे असेल. त्याची शिट्टी म्हणजे काय? एक वजन, बस. आतली वाफ ठरावीक दाबाला पोचली की ते वजन उचललं जातं, वाफ निसटते, दाब उतरतो. ही कल्पना दनी पापँ या फ्रेंच माणसाची. १६७९ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडं मऊ शिजवणारं एक बंद भांडं मांडलं आणि ते फुटू नये म्हणून त्याला वजनाची झडप लावली. म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह वाफेच्या इंजिनाच्याही आधीचा. तो मुळात स्वयंपाकघरातला.

मग इतकी साधी गोष्ट ठाऊक असताना पुढची दोनशे वर्षं बॉयलर फुटत का राहिले? कारण शिट्टी कटकटीची असते. ती वाजली की वाफ वाया जाते, इंजिनाचा जोर कमी होतो, मालक ओरडतो. १८०३ मध्ये लंडनजवळ ग्रिनिचला रिचर्ड ट्रेव्हिथिकचं जास्त दाबाचं एक इंजिन पाणी उपसायला लावलं होतं. ते सांभाळायला ठेवलेला पोऱ्या वाम मासे पकडायला निघून गेला. दुसऱ्या मजुराने इंजिन थांबवलं, पण अडवून ठेवलेला व्हॉल्व्ह मोकळा केला नाही. खाली आग चालूच होती. बॉयलर फुटला आणि चार माणसं मेली. जेम्स वॉटच्या गोटाने याचा पुरेपूर फायदा घेतला. जास्त दाबाची वाफ म्हणजे मरण, असा प्रचार केला. ट्रेव्हिथिक मात्र शहाणा निघाला. पोऱ्याला दोष देऊन तो थांबला नाही. पुढच्या बॉयलरांना त्याने दोन व्हॉल्व्ह लावले आणि त्यातला एकच चालकाला फिरवता येईल अशी सोय केली. शिवाय बॉयलरच्या पत्र्यात शिशाचं एक बूच बसवलं: पाणी कमी होऊन पत्रा तापला की शिसं वितळणार आणि वाफ बाहेर पडून आग विझणार. माणूस कधीतरी मासे पकडायला जाणारच, हे त्याने गृहीत धरलं. सुरक्षेच्या इतिहासात हा विचार मला सगळ्यात मोठा वाटतो, आणि तो पुन्हा पुन्हा विसरला गेला आहे.

आता थोडं शास्त्र, कारण त्याशिवाय पुढचं भयंकरपण लक्षात येत नाही. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं. पण दर चौरस इंचाला १०० पौंड दाबाखाली ते साधारण १७० अंशांपर्यंत पाणीच राहतं. अशा टाकीचा पत्रा फाटला की दाब एका क्षणात उतरतो. आता १७० अंशांच्या पाण्याला पाणी राहणं शक्यच नसतं. त्यातला साधारण आठवा भाग तिथल्या तिथे वाफ होतो, आणि वाफ पाण्याच्या सोळाशे पट जागा मागते. सोळा लिटरच्या बादलीतलं दोन लिटर पाणी घेतलंत तर तीन हजार लिटरहून जास्त वाफ, तीही डोळ्याची पापणी लवायच्या आत. म्हणजे बॉयलर नुसता फुटत नाही, तो उडतो. आतलं पाणी हाच त्याचा दारूगोळा. म्हणूनच नव्या टाकीची चाचणी थंड पाणी भरून, पंपाने दाब वाढवून करतात. थंड पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही, त्यामुळे पत्रा फाटलाच तर पाण्याची एक चिळकांडी उडते आणि दाब संपतो. तीच चाचणी हवा भरून केली तर फाटलेली टाकी तोफेसारखी सुटेल.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेला हे कळायला वेळ लागला. बॉयलर का फुटतो याबद्दल तऱ्हेतऱ्हेच्या समजुती होत्या. पाण्याचं विघटन होऊन आत स्फोटक वायू तयार होतो, असं शिकलेली माणसंही मानत. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने १८३० च्या दशकात सरकारी पैशातून प्रयोग करून यातल्या बऱ्याच समजुती खोडून काढल्या. अमेरिकी केंद्र सरकारने तांत्रिक संशोधनाला दिलेला हा पहिला पैसा मानतात. तरीही २७ एप्रिल १८६५ ला मिसिसिपी नदीवर मेम्फिसजवळ ‘सुल्ताना’ नावाच्या आगबोटीचे बॉयलर फुटलेच. बोटीची परवानगी ३७६ माणसांची होती आणि वर दोन हजारांहून जास्त माणसं कोंबलेली होती. बहुतेक यादवी युद्धात कैद होऊन सुटलेले, घरी निघालेले सैनिक. हजाराहून जास्त मेले. निघण्यापूर्वी व्हिक्सबर्गला गळक्या बॉयलरवर घाईघाईने ठिगळ मारलं होतं, कारण नीट दुरुस्ती करायची तर काही दिवस गेले असते आणि प्रवासी दुसऱ्या बोटीने गेले असते. हे ठिगळ लक्षात ठेवा.

त्याआधी १८५४ मध्ये कनेटिकटमधल्या हार्टफर्डला रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात जेमतेम महिनाभर वापरलेला नवा बॉयलर फुटला. विसाच्या आसपास कामगार मेले. जखमींना ठेवायला शहरात धड इस्पितळ नव्हतं, म्हणून हार्टफर्ड हॉस्पिटल उभं राहिलं. ते अजून चालू आहे. त्याच शहरातल्या काही तरुणांनी १८६६ मध्ये बॉयलर तपासून मगच विमा उतरवणारी कंपनी काढली, मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी आधी काढलेल्या संस्थेचं उदाहरण समोर ठेवून. स्फोट हा दैवाचा कोप नाही, तो आधी हुडकता येतो, यावर पैसे लावायला ही माणसं तयार झाली. सरकार मात्र अजून तयार नव्हतं. कारखाना खासगी, बॉयलर खासगी, त्यात आपण नाक का खुपसायचं, असा सगळा सूर.

तो सूर बदलला मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टनला. बॉस्टनच्या दक्षिणेचं हे गाव म्हणजे चपला-बुटांची राजधानी. पुढे रॉकी मार्सियानो हा मुष्टियोद्धा इथलाच. गावाच्या कॅम्पेलो भागात आर. बी. ग्रोव्हर कंपनीचा चार मजली लाकडी कारखाना होता. २० मार्च १९०५, सोमवार. सकाळी आठला काही मिनिटं कमी. कामगार आपापल्या यंत्रांपाशी बसले होते. कारखान्याचा नवा बॉयलर देखभालीसाठी बंद ठेवला होता, म्हणून त्या सकाळी जुना, राखीव बॉयलर पेटवलेला होता.

तो जागचा सुटला आणि तीन मजले फोडून छपरातून बाहेर पडला. तो जिथून गेला तिथल्या तुळया तुटल्या, मजले एकावर एक बसले. बूट शिवायची जड यंत्रं वरून खाली आली. आतले कितीतरी लोक या पडझडीतून वाचले होते, पण तुळया आणि यंत्रं यांच्या कचाट्यात अडकले होते. बॉयलरच्या भट्टीतले जळते कोळसे सगळीकडे उडालेले, गॅसच्या नळ्या तुटलेल्या आणि इमारत लाकडाची. स्फोटातून वाचलेली माणसं आगीत गेली. ५८ जण मेले, दीडशे जखमी झाले. आगीतून निघालेले बरेच देह ओळखूच आले नाहीत. त्यांना गावाच्या मेलरोज स्मशानभूमीत एकत्र पुरलं. बॉयलर सांभाळणारा इंजिनिअरही मृतांत होता.

आता इथे जरा थांबायला हवं, कारण सोपं उत्तर इथे लागू पडत नाही. व्हॉल्व्ह कोणी बांधून ठेवला नव्हता. बॉयलर विमा कंपनीने तपासलेला होता. मग तो फुटला का?

उत्तर पत्र्याच्या जोडात होतं. बॉयलर म्हणजे पोलादी पत्रा वाकवून केलेलं नळकांडं. त्या काळी वेल्डिंग नव्हतं. पत्र्याची दोन टोकं एकावर एक चढवून रिव्हेट मारायचे. साडीचा काठ दुमडून शिवतो तसं. सोपं आणि स्वस्त. पण एक टोक दुसऱ्यावर चढलं की नळकांडं पुरतं गोल राहत नाही, जोडापाशी किंचित पायरी पडते. आत दाब आला की प्रत्येक भांडं गोल व्हायला बघतं. म्हणून दर वेळी वाफ चढली की तो जोड केसभर वाकायचा आणि वाफ उतरली की मागे यायचा. रोज सकाळी वर, रोज संध्याकाळी खाली. पत्र्याची तार वाकवून वाकवून तुम्ही कधी तोडली असेल, तसंच हे, फक्त काही वर्षं लावून. चीर पडायची ती दोन पत्र्यांच्या मध्ये, चढवलेल्या भागाच्या पोटात. बाहेरून बघा, आत शिरून बघा, हातोडीने ठोकून ऐका. ती सापडणार नाही. तपासणारा प्रामाणिक होता की नाही हा प्रश्नच नव्हता. ज्या घडणीत दोष दिसूच शकत नाही, ती घडणच चुकीची होती.

आणि दुसरी घडण लोकांना ठाऊक होती! पत्र्याची टोकं समोरासमोर भिडवायची, आतून-बाहेरून पट्ट्या लावायच्या आणि मग रिव्हेट मारायचे. नळकांडं गोल राहतं, जोड वाकत नाही. खर्च जास्त. ज्याला वाटेल त्याने तसा बॉयलर घ्यावा, असा तेव्हाचा रिवाज. मला ब्रॉक्टनची गोष्ट म्हणूनच सगळ्यात महत्त्वाची वाटते. शहाण्या मालकाने चांगला बॉयलर विकत घ्यावा आणि दुसऱ्याने स्वस्तातला, ही निवड मालकाची. पण वरच्या मजल्यावर बूट शिवणाऱ्या पोरीला त्यात काही विचारलेलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी डिसेंबरात त्याच राज्यात लिन गावी आणखी एका बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटला. आता राज्याला गप्प बसता येईना. १९०७ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा करून बॉयलरच्या नियमांचं मंडळ नेमलं. त्यात बॉयलर बनवणारे, वापरणारे, विमावाले आणि तो चालवणारे, सगळ्यांना जागा दिली. चालवणाऱ्याला मंडळावर खुर्ची ही साधी गोष्ट नाही. आजही कितीतरी समित्यांवर ती नसते. १९११ मध्ये ओहायोने तोच मार्ग धरला. मग बनवणारे हैराण झाले: एका राज्यात चालणारा बॉयलर शेजारच्या राज्यात नापास! शेवटी यांत्रिक अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेने, जिला सगळे एएसएमई म्हणतात, जॉन स्टीव्हन्सच्या अध्यक्षतेखाली समिती बसवून सगळ्यांसाठी एक संहिता तयार केली. १९१४ ची ती पहिली आवृत्ती ११४ पानांची होती. आज तिचे खंड ठेवायला कपाट लागतं. १९१९ मध्ये वेगवेगळ्या राज्यांच्या तपासनिसांनी एकत्र येऊन नॅशनल बोर्ड काढलं. पट्टीवरचा ‘एनबी’ नंबर म्हणजे त्यांच्या दप्तरातली नोंद.

पण ही सारी धावपळ बॉयलरसाठी होती, म्हणजे ज्याच्या खाली आग असते त्याच्यासाठी. ज्यात दाब आहे पण खाली आग नाही, अशा टाक्या मोजायच्या राहिल्या: हवेच्या, अमोनियाच्या, परतलेल्या गरम पाण्याच्या. त्यांच्यासाठी वेगळा खंड आला तो १९२५ मध्ये. ‘यू’ हे अक्षर त्यांचं. संहितेत त्यांना बिनआगीची पात्रं म्हटलं होतं. नाव गमतीशीर आहे, पण त्यातच गोम आहे. आग दिसली की माणूस घाबरतो. थंड, मुकी, रंगवलेली टाकी कोपऱ्यात उभी असली की तिच्यावर डबा ठेवून जेवतो. कायदेही माणसांसारखेच वागले. आजही अमेरिकेत काही राज्यांत बॉयलरला तपासणी सक्तीची आहे, पण बिनआगीच्या टाकीला नाही.

भारताचं काय? गंमत म्हणजे आपल्याकडे कायदा आधी आला. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला, मॅसॅच्युसेट्सच्या चार दशकं आधी. मग प्रत्येक प्रांताचा वेगळा कायदा, वेगळे नियम, आणि तोच अमेरिकेसारखा गोंधळ. तो मिटवायला १९२३ चा बॉयलर कायदा आला. त्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली. सांगली, कोल्हापूर, नगर, सोलापूरकडचं तुमचं गाव असेल तर साखर कारखान्याचा बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ तुम्ही पाहिला असेल. झेंडूचे हार, एखाद्या संचालकाच्या हस्ते सपत्नीक पूजा, पेढे. हसू नका. हंगामाच्या तोंडावर सगळे त्या यंत्रासमोर एकदा उभे राहतात, हे काही वाईट नाही. मात्र तिथल्या भिंतीवर एक कागदही टांगलेला असतो, राज्याच्या बाष्पके संचालनालयाचा. तो जास्तीत जास्त बारा महिने चालतो आणि बॉयलर उघडून तपासल्याशिवाय पुन्हा मिळत नाही. बॉयलर चालवणाऱ्यालाही परीक्षा देऊन दाखला मिळवावा लागतो. बिनआगीच्या टाक्यांचं मात्र आपल्याकडेही वेगळंच खातं. दाबाखालच्या वायूंच्या टाक्यांसाठी १९८१ मध्ये स्फोटक पदार्थांच्या कायद्याखाली नियम आले, आणि ते बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. कारखान्यातल्या साध्या हवेच्या टाकीची काळजी २०२५ पर्यंत १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ३१ कडे होती. एकाच आवारातल्या तीन टाक्या, तीन साहेब.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. बरं, मग २०१७ मध्ये या.

मिझुरी राज्यातलं सेंट लुइस शहर. लॉय-लँग बॉक्स नावाची पुठ्ठ्याची खोकी बनवणारी कंपनी. पुठ्ठ्याला वाफ लागते, म्हणून तिथे वाफेची यंत्रणा होती आणि वापरलेल्या वाफेचं गरम पाणी परत साठवणारी एक उभी, उंच टाकी होती. आतला दाब साधारण १०० पौंड, पाणी १६५ अंशांच्या आसपास. बिनआगीची टाकी. पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमुळे तिचा तळ आतून गंजत होता. २०१२ मध्ये तळ गळायला लागला, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्यांनी मधला भाग कापून नवा पत्रा बसवला. पण कडेचं जुनं, गंजून पातळ झालेलं कडं तसंच ठेवलं. त्याच पातळ कड्याला नवा पत्रा वेल्ड केला. सुल्तानाचं ठिगळ आठवतंय ना?

पाच वर्षांनी, ३१ मार्च २०१७ च्या शुक्रवारी, टाकीच्या तळाशी पुन्हा गळती दिसली. दुरुस्तीवाल्याला सोमवारी यायला सांगितलं. मधल्या वेळात यंत्रणा कायमची बंद ठेवावी असं कोणाला वाटलं नाही. ३ एप्रिल, सोमवार, सकाळचे सात वाजून गेलेले. आठवड्याच्या सुट्टीनंतर बॉयलर पुन्हा पेटवला होता, दाब चढला होता. ते जुनं कडं फाटलं. तळ निसटला आणि जवळपास एक टन वजनाची टाकी छप्पर फोडून आकाशात गेली. खाली तिच्याजवळ असलेला कंपनीचा कर्मचारी मेला. टाकी खाली आली ती रस्त्यापलीकडच्या दुसऱ्याच कंपनीच्या छपरातून. तिथे तीन माणसं मेली. ती नव्या नोकरीचे कागद भरायला आलेली होती.

ब्रॉक्टनचा सोमवार आणि सेंट लुइसचा सोमवार. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देऊ नका. टाकी सर्वात जास्त थकते ती थंडाची गरम होताना आणि रिकाम्याची भरताना. आणि आठवड्याची पहिली पाळी सुरू व्हायची वेळ ही ‘आज राहू दे, उद्या बघू’ असं म्हणायची हमखास वेळ असते, कारण वर सगळे हजर असतात आणि वाफेची वाट बघत असतात.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने या घटनेचा तपास केला. या बोर्डाला दंड करायचा अधिकार नाही, त्याचं काम फक्त का घडलं ते शोधणं. त्याचे अहवाल कोणालाही वाचता येतात आणि इंग्रजीतल्या कितीतरी कादंबऱ्यांपेक्षा ते खिळवून ठेवतात. कंपनीने गंज आटोक्यात ठेवला नव्हता, टाकीची नियमित तपासणी होत नव्हती, दुरुस्ती अर्धवट होती, आणि शहराच्या तपासणीतूनही ही टाकी निसटली होती. राज्याचा कायदा होता, पण सेंट लुइसची स्वतःची व्यवस्था असल्याने तो तिथे लागू नव्हता. म्हणजे एकाने दुसऱ्यावर सोडलं आणि दुसऱ्याने पहिल्यावर.

म्हणूनच त्या पट्टीवर विसंबताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: पट्टी हा टाकीचा जन्मदाखला आहे, तब्येतीचा नाही. ज्या दिवशी टाकी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी तिच्या पत्र्याची जाडी किती होती, एवढंच ती सांगते. नंतर आत किती गंज चढला, कोणी कुठे ठिगळ लावलं, ते तिला ठाऊक नसतं. हवेच्या टाकीत तर गंज ठरलेलाच, कारण दाबलेल्या हवेतला ओलावा तळाशी पाणी होऊन साचतो. खालची तोटी रोज उघडून ते काढायचं असतं. तुमच्या वर्कशॉपमध्ये ती शेवटची कधी उघडली होती, विचारून बघा. ब्रिटनमध्ये असाल तर प्रश्न आणखी सरळ आहे: तिथे २००० च्या नियमांनुसार अशी यंत्रणा चालवण्याआधी तिच्या तपासणीची लेखी योजना असावीच लागते. ती बघायला मागा.

आणखी एक प्रकार व्हॉल्व्हचा. जून २००८ मध्ये ह्यूस्टनच्या गुडइयर कारखान्यात अमोनियाने चालणाऱ्या उष्णता बदलणाऱ्या पात्राची संरक्षक चकती बदलायची होती. त्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्हकडे जाणारा मार्ग आदल्या दिवशी बंद केला. काम संपलं, पण मार्ग पुन्हा उघडायचा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळ्याच पाळीच्या माणसांनी सफाईसाठी त्याच यंत्रणेत वाफ सोडली. आतला अमोनिया तापला, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. पात्र फुटलं आणि तिथून चाललेली एक अनुभवी कर्मचारी मेली. कोणी कामचुकार नव्हतं. एका पाळीला ठाऊक होतं ते दुसरीपर्यंत पोचलं नाही, इतकंच. दोनशे वर्षांपूर्वी ट्रेव्हिथिकने दुसरा व्हॉल्व्ह चालकाच्या हाताबाहेर ठेवला होता, तो नेमका अशा सकाळीसाठी.

पॉडकास्ट ऐकून तुमच्यातल्या काहींनी विचारलं होतं की गळती दिसली आणि वरिष्ठ म्हणाले ‘चालू दे’, तर इंटर्नने किंवा व्हिसावर आलेल्या माणसाने करायचं काय? आधी हाताचं बघा. दाबाखालच्या टाकीचा नट आवळून गळती थांबवायला जाऊ नका. दाब शून्यावर आणल्याशिवाय तिला पाना लावायचा नसतो. टाकीच्या बुडाशी गळती असेल तर ती किरकोळ धरू नका, लांब व्हा आणि इतरांना लांब करा. मग कायद्याचं. अमेरिकेतला कामगार सुरक्षेचा कायदा तुमचा व्हिसा विचारत नाही. समोर मरणाचा किंवा गंभीर इजेचा धोका आहे असं प्रामाणिकपणे आणि सयुक्तिक कारणाने वाटत असेल, मालकाला सांगूनही त्याने काही केलं नसेल आणि सरकारी तपासनीस येईपर्यंत थांबायला वेळ नसेल, तर ते काम नाकारता येतं. हे १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हर्लपूल कंपनीच्या खटल्यात मान्य केलं. ओहायोतल्या मॅरियनच्या कारखान्यात उंचावरच्या जाळीवर चढायला दोन कामगारांनी नकार दिला होता. त्याच जाळीतून काही दिवसांपूर्वी त्यांचा सहकारी पडून मेला होता. त्यांना उरलेल्या सहा तासांचा पगार न देता घरी पाठवलं होतं. नकार दिल्याबद्दल मालकाने सूड उगवला तर तक्रार ३० दिवसांच्या आत करावी लागते, त्यामुळे तारीख आणि कोणाला काय सांगितलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा, ईमेलवर असेल तर उत्तम. मात्र नाकारलेल्या वेळेचा पगार मालकाने द्यायलाच हवा, असं त्या नियमात म्हटलेलं नाही, हेही न्यायालयाने तेव्हाच नोंदवून ठेवलं आहे.